कावीळच निघू दे

चष्मेवाल्यांनी विम्यासाठी रक्त तपासून घेतलं आणि लिव्हरच्या तपासणीत एक आकडा हवा त्याच्या दुप्पट निघाला. गिऱ्हाइकांना दिवसभर ‘नंबर थोडा वाढलाय, घाबरू नका’ असं सांगणारा हा माणूस शटर ओढून भर दुपारी घरी आला.

रिपोर्ट आधी आईने हातात घेतला. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ठळक छापलेलं चांगलं नसतं एवढं ठाऊक होतं. लिव्हर हा शब्द ऐकताच तिने कागद खाली ठेवला. तिचा चुलतभाऊ लिव्हरनेच गेला होता आणि लिव्हर कशाने गेलं हे साऱ्या घराण्याला माहीत होतं.

“कधीपासून घेतोस?” तिने विचारलं.

चष्मेवाल्यांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. तसं त्यांनी शपथेवर सांगितलं, पण शपथ घेताना नेमका आवाज चिरकला. बायकोने कपाटातून त्यांचे शर्ट काढून एकेक हुंगला. शर्टांना काचा पुसायच्या स्पिरिटचा वास होता. तिला तेवढं पुरलं.

तिने बहिणीला फोन केला आणि संध्याकाळपर्यंत बातमी फिरून दुकानापर्यंत आली. शेजारच्या घड्याळवाल्याने खांद्यावर हात ठेवला. इतकी वर्षं शेजारी असून एकदाही बोलावलं नाही, याचं त्याला वाईट वाटलं होतं.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. लिव्हरला त्रास होतोय एवढंच ही तपासणी सांगते, त्रास कोण देतंय ते सांगत नाही. दारू असेल, एखादं औषध असेल, चरबी असेल, नाहीतर हिपॅटायटिसचा विषाणू, म्हणजे आपली साध्या भाषेतली कावीळ. विषाणूची तपासणी वेगळी करावी लागते. आकडा बरोबर असूनही तो असू शकतो, आणि वाढूनही नसू शकतो.

चष्मेवाल्यांनी त्यातला विषाणू तेवढा उचलला. तो निघाला की दारूचा डाग धुतला जाणार होता. धोका कितपत आहे हे बघायला डॉक्टर एकेक विचारू लागले, तेव्हा ते अशा हुरुपाने उत्तरं देत सुटले की डॉक्टरांचं पेन थांबलं. दात काढलेला होता. सलूनमध्ये दाढी करताना गाल कापलेला होता. रक्तही चढवलं होतं. मग आठवलं, ते भावाला.

“पण मी शेजारच्याच खाटेवर होतो,” त्यांनी सुचवून पाहिलं.

रिपोर्ट येईपर्यंत ते सकाळ-संध्याकाळ आरशासमोर पापणी ओढून पाहत होते. धंद्यात इतक्यांचे डोळे पाहिले, पण स्वतःच्या डोळ्यांइतके कृतघ्न डोळे त्यांच्या पाहण्यात नव्हते. पांढरेशुभ्र.

विषाणू निघाला नाही. डॉक्टरांनी अभिनंदन केलं आणि आता लस टोचून घ्या म्हणाले.

“थोडासुद्धा नाही?” चष्मेवाल्यांनी विचारलं.

सोनोग्राफीत मात्र चोर सापडला. लिव्हरवर चरबी चढली होती. वजन उतरवा, तळलेलं आणि गोड बंद करा, एवढाच उपाय. बायकोने धीर करून दारूचं विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, पिणारा माणूस असा हिपॅटायटिस मागायला येत नाही. दवाखान्याचा जिना उतरताना तिने नवऱ्याचा हात धरला. लग्नानंतर चारचौघांत असा तिने तो पहिल्यांदाच धरला होता.

घरी आईने सगळं नीट ऐकून घेतलं. मग तिची नजर सावकाश स्वयंपाकघराकडे वळली.

“म्हणजे खाण्यानं झालंय,” ती म्हणाली. “माझ्या हातचं खात होता तेव्हा काडीसारखा होता.”

यानंतर तिने कोणाला फोन करायचा बाकी ठेवला नाही. रात्री जेवणाआधी बायकोच्या बहिणीचाच उलटा फोन आला: अगं, तू त्यांना घालतेस तरी काय?

जेवणं झाल्यावर बायकोने खोलीचं दार लोटलं आणि नवऱ्याजवळ येऊन बसली.

“अहो, माझं एक ऐकाल?” ती हळूच म्हणाली. “आईंना सांगा ना, अधूनमधून थोडी घेतो म्हणून.”