तळघरातले आपटे

आमच्या हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये डॉ. आपटे दिसले, तर शिकाऊ डॉक्टर जिन्याने जातात. कारण आपटे "कुठे?" असं विचारतात आणि समोरचा "तिसरा" म्हणेपर्यंत तळघराचं बटण दाबून मोकळे होतात. तळघरात त्यांचा न्यूक्लिअर मेडिसिन विभाग आहे. पोरगं आयतं पळवलं जातं.

मी इथे भूलतज्ज्ञ. माणसं झोपवायला मला औषध लागतं. आपटे ते नुसत्या व्याख्यानावर करतात. "आमच्याकडे रक्त नाही, रात्रपाळी नाही, नातेवाइकांची मारामारी नाही!" हे त्यांचं पालुपद. पोरं घाबरतात ती किरणोत्सारी औषधांना. एकाने त्यांच्या डोक्याकडे बघत विचारलं, "सर, केस जातात का?"

"हे वडिलोपार्जित आहे," आपटे म्हणाले. "पुढचा प्रश्न?"

पुढचा प्रश्न, मग लग्न जमेल का, हा असतो.

विभागातली एमडीच्या विद्यार्थ्याची जागा गेली काही वर्षं रिकामी आहे आणि आपटे लवकरच निवृत्त होणार. "मी गेलो की इथे स्कूटर लावतील," असं ते हसत म्हणत. मला ते हसू बघवत नसे.

यंदा अमरावतीची श्रुती नावाची इंटर्न आपण होऊन खाली गेली. आपट्यांनी मला फोनच केला, "अहो, आली! स्वतःच्या पायांनी आली!" हे नवल बघायला मीही खाली उतरलो. श्रुती सांगत होती, "सर, मला आवडून राहिलं हे. पण आई म्हणते, पेशंटले हात लावत नाही तो डॉक्टर कायचा?"

जन्म नारायण पेठेत गेलेला माणूस यावर काय सुनावतो, म्हणून मी कान टवकारले.

तेवढ्यात समोरच्या पडद्यावर कोणीतरी रडताना दिसलं. थायरॉइडच्या कॅन्सरवर आयोडीनचं औषध दिलं की पेशंटला दोन-तीन दिवस बंद खोलीत एकटं राहावं लागतं. किरण ओसरेपर्यंत जवळ कोणी जायचं नाही. आत कात्रजच्या एक बाई होत्या. घरी दोन वर्षांचं लेकरू. आपट्यांनी माइकचं बटण दाबलं.

"काय ताई, आमटीत गूळ घालता ना?"

"गूळ? आमच्यात नाय घालत."

"मग ती आमटीच नव्हे."

झालं! रडणं बाजूला ठेवून बाईंनी आपट्यांच्या सात पिढ्यांच्या आमटीचा उद्धार केला. आपटे मन लावून ऐकत होते, मधूनच डिवचत होते. शेजारची तंत्रज्ञ म्हणाली, "सरांचं हे रोजचंच आहे. खोलीत कोणी असलं की ते घरी जातच नाहीत."

इतकी वर्षं मी त्यांची टर उडवत होतो. त्यांना विद्यार्थी हवा होता, तो आपल्यामागे या माइकवर कोणीतरी बोलावं म्हणून.

"चहा आणतो," म्हणून आपटे उठले. श्रुतीला त्यांनी काहीच विचारलं नाही.

जरा वेळाने स्पीकर खरखरला. "डाक्टर? गेले का वो तुम्ही?"

श्रुतीने माझ्याकडे पाहिलं. मग खुर्ची पुढे ओढून तिने बटण दाबलं. "चहा आणायला गेले ताई. मी आहे ना इथं. बाळाचं नाव काय ठेवलं?"

आपटे चहाचे कप घेऊन दारात उभे होते. मी त्यांना आत या म्हणून खुणावलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"बोलू दे," ते हळूच म्हणाले, आणि चहा निवेपर्यंत तिथेच उभे राहिले.