सिंधुसिस्टर आणि मोहरीची उशी

दुसऱ्याच्या मानेला हात लावायचा अधिकार सिंधुसिस्टरला कुणी दिला होता, देव जाणे! बोईसर-तारापूर एसटीत रात्रपाळी करून पेंगणारा कामगार दिसला, की ही त्याची हनुवटी धरून वर करणार. "मान सरळ! श्वास कोंडतो." तो बिचारा दचकून "क्या हुआ, बहनजी?" म्हणेपर्यंत ही खिडकीबाहेर बघत बसलेली. चिंचणीच्या एका लग्नात तर हिने लाजणाऱ्या नवरीची मान मुंडावळ्यांसकट वर केली. आगाऊपणाला काही सीमा?

माझी मुलगी दोन महिने आधी जन्मली, ती नेमकी हिच्याच दवाखान्यात. मूठभर जीव. श्वास घेता घेता मध्येच थांबायची, निळी पडायची. सातपाटीहून माझी आय मोहरीची उशी घेऊन आली. बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून आमच्याकडे ती देतातच. सिस्टरने ती सर्रकन ओढून काढली आणि बाळाच्या खांद्यांखाली फडक्याची बारीक घडी सारली.

"उशीने हनुवटी छातीला टेकते. श्वासाची नळी दुमडते. मान सरळ!"

"डोकं चपटं रायलं तर पोरीचं लगीन कोण जमवील, तू?" आय कडाडली. "बिनउशीचं पोर कदी बगलं नाय आमी!"

"आधी श्वास. मग लगीन."

माझ्या आयशी ही भाषा! वर आयने हाताने शिवलेली उशी काखोटीला मारून बाई चालती झाली. माझं तर अंगच पेटलं.

मलाही तिने सुखाने बसू दिलं नाही. ऊब मिळावी म्हणून बाळाला माझ्या उघड्या छातीवर उभं धरायला लावलं आणि सारखं खेकसणं. "तोंड एका बाजूला. हनुवटी जराशी वर. डुलकी नको!" पाठीचे तुकडे पडायची वेळ आली. शेवटी एका दुपारी मी रडत ओरडले, "माणूस आहे मी, खुंटी नाही!" तिने बाळ घेतलं. मी मेल्यासारखी झोपले.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. हिची ड्यूटी केव्हाच संपलेली. तरी ही खुर्चीत, बाळ छातीवर, आयची उशी स्वतःच्या कोपराखाली. डोळे बाळाच्या नाकपुड्यांवर. आणि बोईसरभर माना सरळ करत फिरणारी बाई स्वतः मान मोडून बसलेली!

"घरी जा ना आता, सिस्टर," मी चिडूनच म्हटलं.

"घरी कुणाची मान बघू?"

मी उठले आणि तिच्या हनुवटीला हात लावला. "मान सरळ, सिस्टर."

"माझी राहू दे," ती बाळावरची नजर न काढता म्हणाली. "हिची बघ."