आरशात काउंटर दिसेना

चष्म्याच्या दुकानात आरशांना तोटा नसतो, पण त्या दुपारी जावयाने सासऱ्यांच्या दुकानात भिंतीवर टांगला तो नुसता आरसा नव्हता. तो पडदा होता आणि त्याच्या डोक्यावर कॅमेरा. समोर उभं राहून बोट दाखवायचं, की हवी ती फ्रेम पडद्यातल्या नाकावर आपोआप बसणार. नोकरीवर पाणी सोडून जावयाने हा धंदा मांडला होता आणि अजून त्याच्याकडे काळं कुत्रंही फिरकलं नव्हतं. सासऱ्यांनीसुद्धा घेतला नाही तर जगात कोण घेणार, असं बायकोने सकाळीच सुनावलं होतं.

कॅमेऱ्यातलं चित्र आरशासारखं नसतं, ते उलटवावं लागतं. चित्र म्हणजे आडव्या-उभ्या रांगांत मांडलेली घरं, प्रत्येक घरात रंगाचा एक आकडा. आडव्या रांगेतलं पहिलं घर शेवटी न्यायचं, शेवटचं पहिल्या जागी आणायचं, असं करत गेलं की झाला आरसा. जावयाने तो कोड घाईघाईत खरडला आणि घरी कोऱ्या भिंतीसमोर मधोमध बसून तपासला. स्वतःचा चेहरा नेहमीपेक्षा देखणा वाटला. त्यात चूक असेल असं त्याच्या मनातही आलं नाही.

सासरे पडद्यासमोर उभे राहिले.

"जावईबापू, दुकानाला दोन दारं कधी झाली?"

पडद्यात खरंच दोन दारं होती, दोन्हींना तीच एक छत्री टेकवलेली. काउंटर कुठेच नव्हता. मधोमध सासरे होते, पण गालावरचा मस नव्हता, आणि चेहरा इतका नीटस, की कुणी परक्या माणसाने तो चार दिवसांसाठी मागून नेला असावा. सासरे पडद्यावरची नजर न काढता काउंटरकडे सरकले. पडद्यातला चेहरा अरुंद होत गेला. दोन डोळे जवळ आले, एक झाले. मग नुसते दोन कान एकमेकांना चिकटून उरले, आणि तेही गेले. दुकान चकचकीत, दिवे लागलेले, आणि माणूस नाही.

तेवढ्यात सासूबाई आत आल्या. दोन दारांतून दोन सासूबाई आल्या.

"अहो, तुम्ही कुठे आहात?" पडद्याकडे बघत त्यांनी विचारलं.

"इथेच आहे की, तुझ्या शेजारी."

"तिथे नाही आहात."

जावयाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पेल्यातलं दूध आणि वाटीतलं पाणी अदलाबदल करायचं तर तिसरं भांडं लागतं. तसं एक घर आधी बाजूला काढून ठेवायला हवं होतं, आणि तेच तो विसरला होता. त्यामुळे दाराकडचं अर्धं चित्र काउंटरकडच्या अर्ध्यावर जाऊन बसलं होतं आणि तिथलं सगळं पुसलं गेलं होतं. सांगायला त्याने तोंड उघडलं, पण हातचं पहिलं गिऱ्हाईक जाणार या भीतीने जीभ उचलेना. त्याला स्वतःची लाज वाटली.

"माझं काही खरं दिसत नाही," सासरे हळूच म्हणाले. "दुकानाकडे लक्ष असू द्या, जावईबापू."

सासूबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला. पडद्यात दोन सासूबाई एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या.

आता मात्र जावयाला राहवेना. "बाबा, तुम्हाला काही झालेलं नाही. चूक माझी आहे," तो म्हणाला, आणि राहिलेली ओळ त्याने कोडमध्ये घातली. पडदा लुकलुकला. काउंटर आला, मस आला, सासरे आले, आणि त्यांच्या हातात सासूबाईंचा हात. तो दिसताच सासूबाईंनी चटका बसल्यासारखा मागे घेतला आणि फ्रेमा पुसायला निघून गेल्या.

जावई मान खाली घालून वायर काढायला लागला.

"राहू द्या," सासरे म्हणाले. "हा मी घेतला. फक्त एक करा. संध्याकाळी गिऱ्हाइकं गेली, की ती ओळ थोडा वेळ काढता येईल का?"

"कशाला, बाबा?"

सासऱ्यांनी आवाज खाली आणला. "इतक्या वर्षांत तिने आपणहून हात धरला नव्हता. तिच्यापाशी बोलू नका."

जावयाने पडद्याकडे पाहिलं. आता दोन्ही बाजू नीट दिसत होत्या, म्हणून काउंटरपाशी फडकं हातात धरून ऐकत उभ्या असलेल्या सासूबाईही दिसल्या.

"दाराच्या बाजूला मीच उभी राहणार," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा फ्रेमा पुसू लागल्या.