हिराजीदादांचं धारवाड

मे महिन्यात, भर दुपारी, भिवंडीतल्या कामतघरच्या तापलेल्या रस्त्यावरून स्वेटर घातलेला माणूस चाललेला दिसला, तर घाबरू नका. ते आमचे शेजारी हिराजीदादा. त्यांना ताप आलेला नसतो. धारवाडला पाऊस झालेला असतो.

दादांची लेक प्रणाली धारवाडला चित्रकला शिकायला गेली, तिथल्याच एका चित्रकाराशी लग्न करून तिथल्याच कॉलेजात शिकवू लागली. वहिनी, म्हणजे तिची आई, वारल्यापासून तिचा एकच धोशा आहे, "बाबा, एकटे राहू नका. कायमचे इकडे या." तेव्हापासून दादांचं शरीर भिवंडीत आणि हवामान धारवाडचं. रोज सकाळी कुंपणावरून हाक येते, "सर, बघा जरा, काय चाललंय आपल्याकडं?" आपल्याकडं म्हणजे धारवाडला. मी मोबाइलवर बघून 'ढगाळ' म्हटलं की दादा लगबगीनं दोरीवरचे ओले कपडे काढून घरात नेतात. बाहेर ऊन नुसतं रणरणत असतं.

"मग जायचं ठरलं का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं.

"फायनल हाय, सर. फक्त ठरायचं बाकी हाय."

एकदा ते आठवडाभर तिकडे राहून आले, आणि आल्यापासून निम्मे तिकडेच राहिले. जवळच राहनाळला यांचं गोदाम. उभा जन्म ट्रकवाल्यांवर ओरडण्यात गेला. अशा माणसाला लेकीच्या कॉलेजातल्या पोरांनी चित्र काढायला म्हणून स्टुलावर बसवलं.

"हलायचं न्हाय, बोलायचं न्हाय. पोरं नुसती बघतात आपल्याकडं. राहनाळला सगळी दुनिया मना बघते, पन असा कोनी बघितला न्हाय, सर."

तरी न बोलण्याचा नियम त्यांनी एकदा मोडलाच. एका पोराला दरडावलं, "मिशीला हात आखडू नको!"

आमच्या गल्लीत दिवसभर कापड विणणाऱ्या लूमची खडखड. शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. त्या गोंगाटात दादा डोळे मिटून धारवाड सांगू लागतात. झाडाखाली कुणी सतार जुळवत बसलंय, कुणी भिंतीवर मोर रंगवतंय, आणि त्याला कुणी हाकलत नाही. "आनि रस्त्यानं चालताना आपली चप्पल ऐकू येते, सर. आपली सोताची!" खरं सांगतो, ते ऐकता ऐकता मलाही घटकाभर लूम ऐकू येईनासे होतात. मी कधी धारवाडला गेलेलो नाही, पण तिथल्या एका वळणावरचं चिंचेचं झाड मला आता ओळखीचं वाटतं.

अडचण एकच होती, सुके बोंबील. दादांचं त्यांच्यावाचून पान हलत नाही. धारवाडला जाताना पिशवीभर नेले, तर बसमधल्या लोकांनी पिशवी टपावर पाठवली. जावई शाकाहारी. "पन नाक धरून हसतो. चांगला मानूस हाय," असं दादांनी प्रमाणपत्र दिलं.

यंदा मात्र खरंच ठरलं. घर विकायचं. ट्रान्सपोर्टवाले शेखभाई ऑफिससाठी घ्यायला तयार होते. रविवारी सकाळी ते घर बघायला आले. सोबत हवी म्हणून दादांनी मलाही बोलावलं होतं. दादांनी ओटी दाखवली, स्वयंपाकघर दाखवलं, मागचं पेरूचं झाडही दाखवलं. शेवटी राहिली आतली खोली. खिडकीला धुतलेला पडदा, पलंगावर कोरी चादर, उशाशी मच्छरदाणी घडी करून ठेवलेली.

"इधर कौन रहता है, दादा?"

"पोरी का कमरा है. गौरी को आती है, दिवाली को आती है."

शेखभाईंनी सहज विचारलं, "पर अब तो आप ही उधर जा रहे हो. फिर वो इधर किसके पास आएगी?"

दादा 'हां' म्हणायला गेले आणि थांबले. एवढी वर्षं त्यांनी बोंबलांपासून पावसापर्यंत सगळ्याचा विचार केला होता, हा तेवढा राहून गेला होता. ते पलंगाच्या कडेवर बसले.

"सर," ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मी तिकडं गेलो, तर बाय माहेराला कुठं यील?"

"अहो दादा, तुम्ही रोज तिच्या डोळ्यांसमोर असाल."

"असंन की. पन ते तिचं घर. तिथं ती पाचला उठते, डबं करते, कॉलेजला पलते. मी गेलो तर आनखी माझा चहा. हितं आली का उशिरापर्यंत झोपते. आई न्हाय, तरी झोपते. मी कोनाला मोठ्यानं बोलू पन देत न्हाय."

मला त्या माणसाची विलक्षण माया आली. शेखभाई "मेरी भी दो हैं, दादा," एवढंच बोलून चपला घालून निघून गेले.

दादांनी तिथंच बसून लेकीला फोन लावला. "बाय, मी न्हाय येत गो. रागवू नको. तूच ये."

पलीकडून प्रणाली बराच वेळ बोलत होती. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. दादा एका हातानं डोळे पुसत होते, हसत होते आणि सारखं म्हणत होते, "झोप ना. कितीबी झोप."