दोघांपुरतं जेवण

बायको परदेशी असताना नवऱ्यानं संध्याकाळी रिकाम्या पोटी फोन हातात घेऊन बसू नये. मी बसलो. ऑफिसातून येऊन सार्डिनचा डबा फोडला होता, भात कालचाच होता, आणि अंगठा फोनवर उगाच वर-खाली फिरत होता. तेवढ्यात एक जाहिरात समोर आली. एक देखणा खोका, त्यात चिरलेल्या भाज्या, मोजून बांधलेल्या पुड्या आणि खाली ओळ: 'बाजार नको, चिरणं नको, चुकणं नको. फक्त शिजवा. दोघांपुरतं.'

बाकी कशाला मी बधलो नसतो. त्या 'दोघांपुरतं'नं माझा घात केला.

माझी बायको फेली आयर्लंडमधल्या एका वृद्धाश्रमात नर्स आहे. दोन वर्षं झाली. तिथल्या म्हाताऱ्यांना उठवणं, बसवणं, भरवणं हे तिचं काम. इथं आमच्या गावी, इलोइलोत, स्वतःला उठवणं, बसवणं, भरवणं हे माझं. (तिला त्याचा पगार मिळतो.) मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारीच्या खिडकीत बसतो. दिवसभर लोक मला सांगतात की नळाला पाणी नाही, आणि घरी आल्यावर मला कुणी काहीच सांगत नाही. घरात आवाज म्हणून नसतो. फ्रीज अधूनमधून घुरघुरतो, तेव्हा मी मान वर करून बघतो.

आदल्याच रविवारी फोनवर फेली म्हणाली होती, "आले की मला हॉटेलात नेऊ नकोस हं बेर्तो. आपल्या स्वयंपाकघरात बसून जेवायचंय. के-बी-एल. आणि आपण दोघंच."

के-बी-एल म्हणजे तुरीचे काळे दाणे, डुकराचं मटण आणि कच्चा फणस घालून केलेली आंबट आमटी. आमच्याकडे ती न आवडणारा माणूस सापडला तर लोक आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघतात. फेली ती अशी करते की भांडं धुवायलाही वाईट वाटतं. मला मात्र फक्त पाणी उकळवता येतं, आणि तेही कधी कधी भांड्याचं बूड जळतं.

तर मी खोका मागवला. मनाशी ठरवलं, फेलीचं घरातलं पहिलं जेवण माझ्या हातचं. टेबलावर आम्ही दोघं, मध्ये आमटी. दोन वर्षांचं बोलणं साठलंय, ते वाढता वाढता काढायचं. एवढी एकच गोष्ट मला हवी होती.

पहिला खोका आला तेव्हा मी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून ओट्याशी उभा राहिलो. आत रंगीत फोटोंचं कार्ड. पुड्यांवर नंबर. मीठसुद्धा पुडीत. सगळं ओळीनं मांडलं आणि मला एकदम आपण शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आहोत असं वाटायला लागलं. तळाशी एक पांढरट, गारेगार, लिबलिबीत पिशवी होती. तिच्यावर नंबर नव्हता. पण पांढरं आणि घट्ट म्हणजे नारळाचं दूध, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही कळतं. मी कात्री लावली.

आमच्या शेजारी मानांग चोलिंग राहतात. (वयानं मोठ्या, म्हणून मानांग. आवाजानंही मोठ्याच.) त्यांची खिडकी आणि माझी खिडकी इतकी समोरासमोर आहे की त्यांनी मिरी कुटली की मी शिंकतो.

"ए बेर्तो! काय ओततोयस त्यात?"

"नारळाचं दूध, मानांग."

"के-बी-एलमध्ये नारळाचं दूध? तुझ्या सासूला कळवू का?"

"कंपनीनं दिलंय."

"आण इकडे." मी पिशवी खिडकीतून दिली. त्यांनी वास घेतला, बोटानं दाबलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मला लग्नातल्या सासूबाई आठवल्या. "अरे मेल्या, ही बर्फाची पिशवी आहे! मटण गार राहावं म्हणून घालतात. फेली नर्स आहे म्हणून काय विष खाऊन बघणार होतास?"

पहिला खोका असा गेला. दुसऱ्यात तुरीचे दाणे दगडासारखे राहिले, कारण कार्डावर लिहिलेल्या वेळेला मी गॅस बंद केला. कार्डावरचा गॅस बहुतेक जास्त शिकलेला असावा. पण तिसऱ्या-चौथ्या खोक्यापर्यंत आमटी आमटीसारखी दिसायला लागली. ऑफिसात आणि खिडकीतून मानांगपाशीही मी या खोक्यांची वकिली करू लागलो. वाया काही जात नाही, बाजारात कुणाशी घासाघीस नाही, आणि मुख्य म्हणजे आज काय करायचं हे कुणीतरी दुसऱ्यानंच ठरवलेलं असतं.

"म्हणजे बायकोच की," मानांग म्हणाल्या, "फक्त बोलत नाही एवढंच."

मला त्याचा राग आला. राग आला, कारण ते खरं होतं.

एक गोष्ट मी मानांगना सांगितली नाही. खोका दोघांपुरता, म्हणून मी ताटंही दोन मांडत होतो. एक माझं, एक समोर, फेलीच्या खुर्चीपुढे. तिच्या ताटात चांगले तुकडे वाढायचे, माझं संपवायचं, थोडा वेळ समोर बघत बसायचं, आणि मग उठून तिच्या खुर्चीत जाऊन तेही संपवायचं. त्यानं जे पोट सुटलं ते मी शर्ट बाहेर काढून झाकलं. मनाचं काय करायचं ते मात्र कार्डावर नव्हतं.

फेलीचं यायचं ठरलं आणि घोटाळ्याला खरी सुरुवात झाली. आमच्याकडे परदेशातून माणूस येतं तेव्हा त्याला आणायला एक माणूस जात नाही, सगळं गोत जातं. जीपनी, म्हणजे वीसेक माणसं मावणारी लांबडी जीपगाडी, ठरवतात, फलक रंगवतात, केळी आणि उकडलेली अंडी बांधून घेतात. विमानातून उतरणारा एक आणि घ्यायला आलेले वीस, हे विमानतळावरच्या पोलिसालाही माहीत आहे. मलाही माहीत होतं. पण मी इतके दिवस 'दोघांपुरतं' वाचत होतो की माझ्या डोक्यात जगात माणसंच दोन उरली होती.

मी मेव्हण्याला, रुस्तिकोला, गाठलं. "तुम्ही सगळे जा. मी घरी थांबतो. आमटी गरम लागते. तिला दारात सोडा आणि तुम्ही तसेच आईंच्या घरी जा. संध्याकाळी सगळे भेटू. चालेल?"

"हो हो, चालेल की," रुस्तिको म्हणाला.

आता आमच्या गावात कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही. 'हो हो' म्हणजे 'तुझं ऐकलं' एवढंच. जन्मापासून या गावात राहून, तक्रारीच्या खिडकीत बसून रोज लोकांना तसलंच 'हो हो' ऐकवून, मी रुस्तिकोच्या 'हो'वर विश्वास ठेवला.

"तू विमानतळावर जाणार नाहीस?" मानांग खिडकीतून जवळजवळ बाहेर आल्या. "दोन वर्षांनी बायको येतेय आणि तू पातेल्यापाशी उभा राहणार?"

"तिनंच सांगितलंय मानांग. स्वयंपाकघरात जेवायचंय, दोघंच."

"बायकांनी सांगितलेलं सगळंच करायचं नसतं रे. काही नुसतं ऐकायचं असतं."

मी ऐकलं नाही. त्या सकाळी मी पुड्या मांडल्या, फणस घातला, दाणे या वेळी चांगले गाळ शिजवले. टेबलावर नवं कापड घातलं. दोन ताटं. दोन ग्लास. आरशात बघून एक वाक्यही पाठ केलं: 'फेली, घर तुझ्याशिवाय नुसतं बांधकाम होतं.' (ऑफिसात नव्या बांधकामांच्या नळजोडणी-अर्जांचा सराव आहे.)

दुपारी गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला आणि वाजतच राहिला. मी दारात धावलो. जीपनी थांबली. आधी फलक उतरला, मग सासूबाई, मग रुस्तिको, त्याची बायको, मुलं, चुलत बहिणी, चर्चमधली गाणारी मंडळी, मग मी कधीही न पाहिलेले एक गृहस्थ (ते जीपनीचे ड्रायव्हर निघाले, तेही जेवायला आले होते), आणि सगळ्यात शेवटी, तिनं आणलेल्या सामानाच्या खोक्यांच्या मागून, फेली.

ती बारीक झाली होती. केस कापले होते. दोन वर्षं फोनच्या चौकटीत बघितलेली बाई पायांसकट समोर उभी होती, आणि मी माझं वाक्य साफ विसरलो. मी म्हणालो, "आलीस?"

"हो," ती म्हणाली. "तू नाही आलास."

एवढंच. पुढे काही बोलायच्या आत सासूबाई ओरडल्या, "वास कसला छान येतोय! जावयानं रांधलंय! चला, बसा सगळे!"

माझ्या स्वयंपाकघरात वीस माणसं आणि पातेल्यात दोघांची आमटी. मी झाकण धरून उभा राहिलो. "थोडीच आहे," मी म्हणालो. "अगदी मोजून..."

"मोजून?" सासूबाईंना हा शब्द नवीन होता. "घरात लेक आली आणि मोजून?"

त्याच क्षणी मागच्या दारातून मानांग चोलिंग आल्या. त्यांच्यामागून त्यांचे यजमान, दोन्ही हातांनी एक भलीमोठी कढई सांभाळत. के-बी-एल. काठोकाठ. पहाटेपासून त्या शिजवत होत्या, आणि मला वाटत होतं तो सगळा वास माझ्याच पातेल्यातून येतोय. त्यांनी मला काही विचारलं नाही. माझं पातेलं उचललं आणि कढईत रिकामं केलं. एक 'बुळुक' असा आवाज झाला आणि माझी कित्येक आठवड्यांची साधना तळाशी गेली.

"घ्या हो, बेर्तोच्या हातची," मानांग सगळ्यांना सांगत सुटल्या. खरं सांगतो, त्या माझी लाज राखत होत्या आणि मला त्यांचा गळा धरावासा वाटत होता.

पण मीही तक्रारीच्या खिडकीत उगाच केस पांढरे केले नाहीत. माणसं आत शिरतानाच मी एक वाडगा भरून भाताच्या कुकरमागे दडवला होता.

लोक जेवले, दुसऱ्यांदा जेवले, चॉकलेटं वाटून झाली, रडून झालं, गाणं झालं. फेली सगळ्यांच्या मध्ये आणि मी ताटं उचलतोय. दर वेळी तिच्याजवळून जाताना मी थांबायचो, आणि दर वेळी कुणीतरी म्हणायचं, "बेर्तो, भात आण रे!" शेवटी ड्रायव्हरला झोप अनावर झाली आणि त्याच्यामुळे सगळे उठले. (देव त्याचं भलं करो.) घरात एकदम शांतता झाली.

मी वाडगा काढला. गार झाला होता. टेबलाच्या कोपऱ्यावर, खरकट्या ताटांमध्ये जागा करून तिच्यापुढे ठेवला.

"हे काय?"

"आपल्या दोघांचं. ही खरी माझ्या हातची."

तिनं वाडग्याकडे बघितलं, मग कोपऱ्यात उभ्या केलेल्या कंपनीच्या रिकाम्या खोक्याकडे बघितलं, आणि खुदकन हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"बेर्तो, तिथं मी रोज हेच खाते रे. ड्यूटीवरून आलं की दारात खोका. पुड्या, नंबर, कार्ड. एकटीपुरतं ते पाठवतच नाहीत. आज अर्धं, उद्या अर्धं. पाय मोडून आलेले असतात, डोकं चालत नाही, तेव्हा ठीक असतं. जीव जगतो. पण चमचा तोंडात घातला की वाटतं, हे कुणी माझ्यासाठी केलेलं नाही."

"हे मी केलंय," मी म्हणालो. "तुझ्यासाठीच."

"माहितेय." तिनं एक घास घेतला. बराच वेळ चावला. "चिंच घातलीयस."

"कार्डावर तसंच होतं."

"आपल्याकडे आंबटपणाला बातवानची फळं घालतात. अंगणात झाड आहे आपल्या." पण तिनं चमचा खाली ठेवला नाही. "विमानतळावर सगळे होते. फलक होता, गाणं होतं. मी प्रत्येकाच्या खांद्यावरून मागे बघत होते. आमटीसाठी मी दोन वर्षं दिवस काढले का रे?"

मला तिची किती आठवण येत होती ते मी सांगायला हवं होतं, ती खुर्ची, ती दोन ताटं, सगळं. मी खुर्ची ओढून तिच्या अगदी जवळ बसलो आणि सांगायला लागलो. पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. तिनं डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. मी सांगत राहिलो. फ्रीजचं घुरघुरणं सांगितलं, बर्फाची पिशवीसुद्धा सांगितली. ती हसली नाही, तेव्हा वाटलं की आतपर्यंत पोचतंय. तेवढ्यात तिनं हळूच माझं मनगट हातात घेतलं. इतकं मऊ, इतक्या मायेनं, की मी आणखी जवळ सरकलो. तिची बोटं मनगटावर फिरली आणि एका जागी स्थिर झाली, बरोबर नाडीवर.

मी खाली बघितलं. फेली गाढ झोपली होती.

"आजोबा," ती झोपेतच म्हणाली, "गोळी घेतलीत का?"

काय करणार? "घेतली," मी म्हणालो.

"शहाणे." तिनं माझ्या हातावर थोपटलं. "आता रडायचं नाही हं. रविवारी येईल तुमची बायको भेटायला."