नमुना क्रमांक चार अपात्र का ठरला

माणूस जातो, पण त्याचा आवाज मागे राहतो. आणि मागे राहिलेला आवाज नेमका कशातून ऐकावा, यासाठी कधी ना कधी उपसमिती नेमावी लागते.

इंदुबाई आवटींचा आवाज असाच मागे राहिला. सांगली जिल्ह्यातल्या एका आडगावात, जात्याच्या घरघरीतून तो वर यायचा. पिठासारखा ऊन, आणि पिठासारखाच बोटांना चिकटून राहणारा. जात्याच्या खुंट्याला एक हात त्यांचा असे आणि समोर बसलेल्या सुनेचा, म्हणजे रत्नप्रभाबाईंचा, दुसरा. सासूने ओवी टाकायची, सुनेने झेलायची. चार वर्षं असं दळण झालं.

*दूरदेशी माझा लेक, किती सांगू त्याचं कोड,*
*माय दळते इकडं, तिकडं भाकरी लागं गोड.*

हा लेक म्हणजे नंदकिशोर आवटी, विमा कंपनीतले अधिकारी. त्यांच्या मामांनी एकदा इंदुबाईंच्या ओव्या कॅसेटवर भरून घेतल्या. पुढे इंदुबाई गेल्या, नंदकिशोररावांची बदली जयपूरला झाली आणि कॅसेट ट्रंकेतून जयपूरला आली.

इथे एक किरकोळ घटना नोंदवणं भाग आहे. बावीस वर्षांपूर्वी नंदकिशोरराव पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणासाठी अजमेरला गेले असताना त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाने, संकेतने, त्या कॅसेटमधली फीत ओढून ओढून बाहेर काढली, तिचं घर बांधलं आणि त्यात बसला. घर छान झालं होतं. रत्नप्रभाबाईंनी त्याला दोन धपाटे घातले आणि स्वतः तासभर रडल्या. मग त्यांनी शेजारच्या भाभींचा टेपरेकॉर्डर आणि डाळ भरडायची चक्की मागून आणली, नवी कॅसेट घातली, अंगणात बसकण मारली आणि सगळ्याच्या सगळ्या ओव्या सासूच्या ढंगात गाऊन काढल्या. जुन्या डबीत नवी कॅसेट गेली. नवऱ्याची आई एकदा गेली होतीच. ती दुसऱ्यांदा गेल्याचं त्याला सांगायचं कसं, हे त्यांना सुचलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, यात बावीस वर्षं गेली. (सरकारी फायलीच्या मानाने हा विलंब किरकोळ आहे.)

जयपुरातल्या आमच्या मराठी मंडळाचे एकशे बारा सदस्य आहेत. पैकी एकशे नऊ जणांना संगीताची उत्तम जाण आहे. उरलेले तिघे गातात. बँक, विमा, लष्कर अशा खात्यांतून बदलीवर आलेली ही माणसं. बदलीबरोबर सामान येतं, सामानाबरोबर अनुभव येतो, आणि अनुभवाबरोबर मतं. दरवर्षी इंदुबाईंच्या श्राद्धाला नंदकिशोरराव काही मंडळींना घरी बोलावून ती कॅसेट लावत. मंडळी डोळे पुसत. "हा खरा मातीचा आवाज," असं म्हणत. त्याच मंडळींपुढे दरवर्षी गणेशोत्सवाच्या आधी रत्नप्रभाबाई 'लोकगीतांची संध्याकाळ' या कार्यक्रमासाठी चाचणी देत. त्याच ओव्या, तोच गळा. मंडळी म्हणत, "आवाज चांगलाय वहिनींचा, पण जरा घरगुती. मातीचा वास नाही. एकदा इंदुबाईंची टेप नीट ऐका, म्हणजे लक्षात येईल." मग रत्नप्रभाबाई मागच्या रांगेत उभ्या राहून टाळी वाजवत. टाळी मात्र मातीची आहे, यावर एकमत होतं.

यंदा त्यांनी मनाशी ठरवलं होतं, की एकदा तरी माईकसमोर एकटीने ओवी म्हणायची. अठ्ठावन्न पूर्ण झाली होती. गळ्याला निवृत्तीचं वय नसतं, पण दमाला असतं.

यंदाच मंडळासमोर तांत्रिक प्रश्न उभा राहिला. रंगमंचावर गायकासमोर ठेवलेले स्पीकर शिट्टी मारतात, हे गेल्या वर्षी सिद्ध झालं होतं. (आरतीला साथ समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या.) साउंडवाला म्हणाला, "साहब, सिंगर के कान में ही दे दो." म्हणजे कानात घट्ट बसणारे इन-इअर मॉनिटर घ्यायचे. बिनतारी नकोत, बिनतारी यंत्रांत आवाज क्षणभर उशिरा पोचतो, आणि मंडळात उशिरा पोचण्याचा अधिकार फक्त अध्यक्षांना आहे. म्हणून वायरवाले. शिवाय सदस्यांना ते वर्षभर रोजच्या ऐकण्यासाठी आळीपाळीने घरी नेता आले पाहिजेत. आता मंडळाच्या पेटीतली वस्तू चार कानांत जाणार म्हटल्यावर मूल्यमापन आलं, आणि मूल्यमापन आलं की समिती आली.

समितीत तीन जण. अध्यक्ष नंदकिशोरराव, कारण त्यांच्याकडे मानदंड म्हणून वापरण्याजोगा आवाज होता. निवृत्त मेजर पृथ्वीराज निंबाळकर, कारण त्यांना वायरींचा अनुभव होता आणि गेली तीन वर्षं मुख्य ओवी गाणारी वल्लरी ही त्यांची सून होती. (तिने ओवी ऑनलाइन शिकली आहे, प्रमाणपत्र आहे.) आणि बँकेतले अभिजित बापट, कारण त्यांचं अक्षर चांगलं होतं. नमुने आणायचं काम संकेतकडे. तो आता सीतापुऱ्यातल्या एका निर्यात कंपनीत होता. कॅसेटवरचा आवाज फोनमध्ये घेऊन त्याने समितीला दिला. "पप्पा, मतलब आजीचा आवाज एकदम क्लिअर आहे, पुरानी टेप वाटतच नाही," असं तो म्हणाला, तेव्हा रत्नप्रभाबाईंच्या हातातली पळी कढईला लागली.

एकूण गुण शंभर. कानात बसणे वीस, आवाजाची स्पष्टता वीस, वायरीची चिवटता दहा, डबी पंचवीस (डबी नंतर सुपारीला उपयोगी पडते), आणि मातृस्मरण पंचवीस. मातृस्मरण दर श्रोत्यामागे ओल्या डोळ्यांच्या संख्येवर मोजायचं. एक डोळा ओला झाल्यास अर्धे गुण. मेजरसाहेबांचा उजवा डोळा मोतीबिंदूमुळे कायम पाणावलेला असे, तो हिशेबातून वगळण्यात आला.

चाचण्या मैदानी होत्या. बाहेरचा आवाज किती अडतो हे पाहायला समिती गोपालपुरा बायपासला गेली. तिथे दर पन्नास पावलांवर एक कोचिंग क्लास आणि दर पंचवीस पावलांवर त्याचा हॉर्न वाजवणारा विद्यार्थी आहे. नमुना क्रमांक दोन कानात घालून अभिजित बापट भर रस्त्यात उभे राहिले. त्यांना हॉर्न ऐकू आला नाही, ई-रिक्षा ऐकू आली नाही, मेजरसाहेबांनी मारलेली हाक ऐकू आली नाही. 'उत्कृष्ट' असा शेरा त्यांनी प्लास्टर नसलेल्या हाताने लिहिला. कानात किती वेळ सुसह्य राहतं हे पाहायला समिती आमेरला बसने जाऊन आली. नमुना क्रमांक एकची रबरी टोपी परतताना मेजरसाहेबांच्या कानातच राहिली. 'बसते घट्ट', अशी नोंद झाली.

खरी परीक्षा घरी, बैठकीच्या खोलीत. समिती सतरंजीवर बसे, नंदकिशोरराव डोळे मिटून घेत, आणि रत्नप्रभाबाई स्वयंपाकघराच्या दाराआडून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहत. प्रत्येक नमुना आधीच्यापेक्षा भारी होता, आणि भारी यंत्राचा दोष असा, की ते सगळंच ऐकवतं.

नमुना क्रमांक एकमधून नुसता आवाज आला. डोळे पाच.

नमुना क्रमांक दोनमधून आवाजामागे बांगड्या वाजल्या. अभिजित बापटांनी लेखणी थांबवली. इंदुबाईंचं कपाळ नंदकिशोरराव सहावीत असतानाच पांढरं झालं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दाराआड रत्नप्रभाबाईंनी आपल्या बांगड्या कोपरापर्यंत मागे सारल्या.

"समोर शेजारीण बसली असणार दळायला," मेजरसाहेब म्हणाले.

"असेल," नंदकिशोरराव म्हणाले. डोळे पाच.

नमुना क्रमांक तीनमधून बांगड्यांच्याही मागे मोर ओरडला. एकदा नाही, तीनदा. जयपुरात मोर गच्चीवर येऊन ओरडतात, पण ही तर सांगलीकडची टेप.

"मोर हा राष्ट्रीय पक्षी आहे," मेजरसाहेबांनी विचारांती सांगितलं. "त्याची बदली कुठेही होऊ शकते."

हे तिघांना पटलं. तिघांच्याही बदल्या अशाच झाल्या होत्या. नंदकिशोरराव पुन्हा म्हणाले, "असेल." आणि डोळे न उघडता ओवी परत लावून घेतली.

मग आला नमुना क्रमांक चार. वेणीसारखी गुंफलेली वायर, कानामागून वळसा घेऊन येणारी. त्याने श्वास ऐकवला, चक्कीचा दगड ऐकवला, दाणा फुटल्याचं ऐकवलं, आणि तिसऱ्या ओवीत, *माय दळते इकडं* आणि *तिकडं भाकरी* यांच्या मध्ये, फाटकाबाहेरून जाणारा एक माणूस स्वच्छ ऐकवला: "कैर ले लो, सांगरी ले लोऽऽ!"

समितीने तेवढा तुकडा पुन्हा लावून ऐकला. सांगरी ही शेंग, कैरच्या फळासारखीच, इकडच्या वाळवंटातली. सांगलीच्या आडगावात ती विकायला कोणी गेल्याचं मेजरसाहेबांना आठवेना, आणि सांगरीवाल्याची बदली होत नाही.

"म्हणजे एकच शक्यता उरते," अभिजित बापट म्हणाले. "हे यंत्र स्वतःच्या मनाने आवाज तयार करतं."

निष्कर्ष एकमताने झाला. 'नमुना क्रमांक चार मूळ ध्वनीत नसलेले फेरीवाले मिसळतो, सबब अपात्र. नमुना क्रमांक एक सर्वांत कमी ऐकवतो, सबब सर्वांत विश्वसनीय.' शिफारस क्रमांक एकची झाली. जोडीला दुसरा ठराव: ओव्या यंदाही वल्लरीताई म्हणतील, सौ. आवटी मागच्या रांगेत.

(आतापर्यंत सुज्ञ वाचकाचीही खात्री झालीच असेल, की नंदकिशोररावांना स्वतःच्या बायकोचा आवाज ओळखता येत नाही. खात्री समितीलाही होती. तिच्या प्रत्येक निष्कर्षाबद्दल.)

रत्नप्रभाबाई चहा घेऊन बाहेर आल्या. तीन कप तिघांच्या हातात दिले. ट्रे तसाच छातीशी धरून उभ्या राहिल्या.

"यंत्र खरं बोलतंय," त्या म्हणाल्या.

"काय म्हणालात वहिनी?"

"सांगरीवाला खरा आहे. त्याच्याकडून मी त्या दिवशी अर्धा किलो घेतली. मोरही आपल्या अंगणातला, आणि बांगड्या माझ्या." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि इतका वेळ धीट असलेला आवाज खाली आला. "आईंची टेप संकेतनं तोडली हो. तुम्ही अजमेरला होता. तो आवाज आईंचा नाही. माझा आहे."

लेखणीचं टोपण उघडल्याचा आवाज झाला.

"मग नमुना चार निर्दोष ठरतो," अभिजित बापट हळूच म्हणाले. "तेवढं इतिवृत्तात घ्यावं लागेल."

"तुम्ही गप्प बसा हो जरा!" रत्नप्रभाबाई म्हणाल्या, आणि पुन्हा नवऱ्याकडे वळल्या. "बोला ना काहीतरी. ओरडा. तुमच्या आईला मी..."

"मला माहीत आहे," नंदकिशोरराव म्हणाले.

"कधीपासून?"

"अजमेरहून आलो त्या रात्रीपासून. आई 'गोड' म्हणताना सूर खाली सोडायची. तू वर नेतेस. त्या शब्दापाशीच कळलं."

"आणि तरी दरवर्षी या सगळ्यांना सांगत राहिलात, आईचा आवाज, आईचा आवाज?"

"आईचा म्हटलं की माणसं डोळे पुसतात, रत्ना." त्यांचा स्वर समजावणीचा होता, जणू पॉलिसीचं कलम सांगत होते. "बायकोचा म्हटलं असतं, तर ऐकलं कोणी असतं? या लोकांनी तुला आत जाऊन चहा टाकायला सांगितलं असतं."

मेजरसाहेबांनी ओठांजवळ नेलेला कप अर्ध्यावर थांबवला. अभिजित बापटांचा एक घोट आधीच गिळून झाला होता.

"बरोबर आहे," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "यांनी तेच सांगितलं असतं. आणि सगळं माहीत असून बावीस वर्षं तुम्ही मला काय सांगितलंत?"

नंदकिशोररावांनी कानातला नमुना काढला. दुसऱ्या हातातल्या कपाकडे पाहिलं.

"चहाच," ते म्हणाले.

(वाचताना आपल्याही हातात कप असेल, तर तो कोणी आणून दिला आणि ठेवताना ती काय म्हणाली, हे वाचकांनी आठवून पाहावं.)