कुणाचं नाव राहायला नको

शिवलीलाची पीएच.डी. तिसऱ्या प्रकरणात रुतून बसली होती. शिरोळकडच्या पुरात माणसं गुरंढोरं कुठं आणि कशी हलवतात, हा तिचा विषय. अलीकडच्या पुरांचं सगळं गोळा झालं होतं, पण जुन्या पुरांचा लेखी पुरावा काही केल्या मिळेना. आणि विजयसिंह सर म्हणजे मार्गदर्शक कसले, जमदग्नीच. त्या पुराव्याशिवाय प्रबंधावर सही नाही, असं त्यांनी बजावून ठेवलेलं. मुदतवाढी संपल्या होत्या. उद्या सही नाही, तर नोंदणी रद्द. निदान संदर्भसूची तरी आज पाठव, म्हणाले होते.

म्हणून त्या दुपारी शाहूपुरीतल्या घरी ती शोधनिबंधांच्या साईटवर बसली होती. पूर, म्हशी, जनावरं असे शब्द इंग्रजीत घातले, तर निबंधांची ही जत्रा लोटली. पहिल्या काही पानांवरचे कामाचे तेवढे निबंध तिनं टिक केले. आता एक्स्पोर्टचं बटण दाबलं, की ते संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन बसणार आणि सूची आयती तयार होणार. पण साईट अडखळली, पडद्यावर चक्र फिरत राहिलं. नेमका तेव्हाच शाळेच्या रिक्षावाल्या केरबाचा फोन आला. रिक्षा बंद पडलीय, पोरीला न्यायला या.

घरात सासरे अण्णाप्पा तेवढे होते. चक्र थांबलं की हे बटण दाबा मामा, एवढं सांगून ती पळाली.

आता अण्णाप्पांचं कसं, की भावकीत कुणाचंही लग्न निघो, पत्रिकेतली नावं तेच काढून द्यायचे. एकदा निपाणीच्या साडूंचं नाव छापायचं राहिलं. साडू भरल्या पंगतीतून उठले, ते आजतागायत उंबरा चढले नव्हते. तेव्हापासून अण्णाप्पांनी कानाला खडा लावला होता, कुणाचं नाव राहायला नको. चक्र थांबलं आणि त्यांनी पडद्याकडं बघितलं. एवढी डॉक्टर, प्रोफेसर मंडळी ओळीनं उभी, आणि सुनेनं मान दिलेला मोजक्यांनाच! सोसायटीत सेक्रेटरी म्हणून जन्म काढलेला माणूस, वरच्या चौकोनाशी 'सर्व निवडा' अशा अर्थाचं लिहिलंय एवढं इंग्रजी त्यांना येत होतं. तो दाबला, मग एक्स्पोर्ट दाबलं, आणि सत्कर्म केल्याच्या समाधानात पान लावायला बसले.

शिवलीला पोरीला घेऊन धापा टाकत आली. काम झालेलं दिसलं, तिनं सूची बनवली आणि न उघडताच सरांना धाडली. घाई माणसाला खड्ड्यात घालते ती अशी.

थोड्या वेळानं सरांचा फोन आला.

"शिवलीला, ही संदर्भसूची हाय का कोल्हापूरची मतदारयादी?"

तिनं सूची उघडली. इटलीतल्या म्हशींचं चीज होतं, पाणघोड्यांचे दात होते, कुठल्याशा बेटावरच्या शेळ्या होत्या. त्या गर्दीत तिचे निबंध कुठं गेले, देवाला ठाऊक. सासऱ्यांना विचारलं, तर त्यांनी लपवाछपवी केली नाही.

"व्हय, मीच केलं. बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

रडावं का हसावं तिला कळेना. पण मामांचा चेहरा एवढासा झाला, तेव्हा तिनं मुकाट्यानं दुसरी खुर्ची ओढली. अण्णाप्पा अक्षरं जुळवून एकेक मथळा वाचायचे, ती ठेवा किंवा काढा सांगायची. काढा म्हटलं की ते बेटाच्या शेळ्यांनासुद्धा मनातून हात जोडायचे. पार तळाशी आल्यावर ते थबकले.

"हितं आपलं शिरोळ हाय की."

शिवलीलानं निबंध उघडला. कुणी कधी त्याचा आधार घेतला नव्हता, म्हणून साईटनं त्याला शेवटच्या पानावर ढकललेलं. तिचा हात तिथवर पोचलाच नव्हता. आणि आत जुन्या पुरातल्या गुरांच्या छावण्यांची गावोगावची नोंद! तिनं वाकून सासऱ्यांच्या पायांना हात लावला. त्याच रात्री प्रकरण पुरं झालं, सकाळी सरांनी वाचलं, हूं म्हणाले आणि सही ठोकली.

प्रबंध छपाईला देण्याआधी तिनं ऋणनिर्देश मामांना वाचून दाखवला. पहिलंच नाव अण्णाप्पांचं. त्यांनी टॉवेलनं डोळे पुसले. मग सर होते, नवरा शशिधर होता, आणि पान संपलं होतं.

"केरबा कुठाय?" अण्णाप्पांनी विचारलं. "त्याची रिक्षा बंद पडली नसती, तर मी त्या खुर्चीत बसलो असतो व्हय?"

खरंच होतं. तिनं केरबाचं नाव घातलं.

"आता निपाणीचे साडू घाल."

"मामा, त्यांचा काय संबंध?"

अण्णाप्पांनी टॉवेल खांद्यावर टाकला.

"त्यांचं नाव राहिलं, म्हणून तर मी सगळ्यांना टिक केलं की."

शिवलीलानं साडूंचं नाव घातलं, पुढं आदरानं 'साहेब' लावलं, आणि पहिली प्रत घेऊन दोघं निपाणीच्या एस.टी.त बसले.